एका खुनाच्या खटल्यातलं अथेन्स

(पडद्यावर : अथेन्समधल्या दुमजली घराचा आराखडा, मधे चौक)

इ.स.पू. ४०० च्या सुमाराची गोष्ट. अथेन्सच्या न्यायालयात युफिलेटॉस नावाचा एक नागरिक उभा आहे. बायकोच्या खोलीत सापडलेल्या एराटोस्थेनिसला त्याने ठार मारलंय. (पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनिस हा नव्हे, तो पुष्कळ नंतरचा.) रंगेहाथ सापडलेल्या जाराला मारायची मुभा कायद्यातच होती. पण हा पूर्वीपासून रचलेला कट नव्हता, हे पटवायचं तर घरातलं सगळंच सांगणं भाग होतं. ते भाषण आजही उपलब्ध आहे.

घर लहान. वर बायका, खाली पुरुष. बाळ झालं, तेव्हा त्याला न्हाऊ घालायला आईला सारखा जिना उतरावा लागू नये म्हणून युफिलेटॉस स्वतः वर राहायला गेला. लग्न झाल्यापासून तो बायकोवर नजर ठेवून होता. मूल झालं आणि त्याने घराचा सगळा कारभार तिच्या हाती दिला.

या पहाऱ्यामागे नुसता संशयी स्वभाव नव्हता. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने इ.स.पू. ४५१ मध्ये कायदा करून घेतला होता : आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील, तरच मूल नागरिक. म्हणजे बाळ नेमकं कुणाचं, हा प्रश्न घरापुरता उरलाच नव्हता. मतदान, जमीन, वारसा, सगळं त्यावर टांगलेलं.

एराटोस्थेनिसने तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या सासूच्या अंत्ययात्रेत. खात्यापित्या घरची बाई परक्यांच्या नजरेला पडायची ती अशाच वेळी, नाहीतर सणासुदीला. गरिबाघरच्या बायका मात्र बाजारात हार, फिती विकत बसायच्या. त्यांना बाहेर पडण्यापासून अडवणार कसं, असं अॅरिस्टॉटलनेही विचारलंय.

आता घरातली गुलाम मुलगी. बाजारहाट तीच करायची, म्हणून एराटोस्थेनिसने तिलाच गाठलं आणि तिच्याकरवी निरोप पोचवले. एका म्हातारीने युफिलेटॉसच्या कानावर ही भानगड घातली, तेव्हा त्याने मुलीपुढे दोनच पर्याय ठेवले : चाबूक खाऊन कायमचं जात्याला जुंपून घे, नाहीतर खरं सांग. तिने सांगितलं.

पूर्ण भाषणात बायकोचं नाव नाही, मुलीचंही नाही. अब्रूदार बाईचं नाव कोर्टात घ्यायचं नसतं, म्हणून बायकोचं टाळलं. मुलीचं घ्यावं असं कुणाला वाटलंच नसणार.

(पडद्यावर : पपायरसवर लिहिणारा हात)

आणि हे भाषण लिहून देणारा लिसियस? तो मेटिक, म्हणजे अथेन्समध्ये राहणारा परका. वडील सिसिली बेटावरच्या सिराक्यूजचे. मेटिक पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा कर भरावा लागे, जमीन घेता येत नसे. पैसा मात्र या घराकडे बक्कळ होता : ढालींचा कारखाना आणि १२० गुलाम. इ.स.पू. ४०४ मध्ये लोकशाही मोडून अथेन्सची सत्ता हाती घेतलेल्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी ते सगळं लुटलं, त्याच्या भावाला, पोलेमार्कसला, विष प्यायला लावलं. लिसियस निसटला आणि लोकशाहीवाद्यांना त्याने पैसे आणि ढाली पुरवल्या. ते जिंकल्यावर त्यांचा नेता थ्रासिबुलस याने त्याला नागरिकत्व द्यायचा ठराव आणला. ठराव आधी परिषदेपुढे ठेवला नव्हता, या तांत्रिक मुद्द्यावर तो रद्द झाला.