बटाट्यातील काळी फुली

कापलेल्या बटाट्याचा पांढुरका रस पाण्याच्या थेंबात मिसळून नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर स्टार्चचे अंडाकृती, रंगहीन दाणे दिसतात. आता नमुन्याच्या खाली एक आणि वर एक असे दोन ध्रुवक, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश पार होऊ देणारे फिल्टर, परस्परांशी काटकोनात बसवले आहेत. भोवतालचे पाणी काळे पडले आहे, प्रत्येक दाणा उजळला आहे आणि त्याच्यावर एक काळी फुली उमटली आहे. तिला ‘माल्टीज क्रॉस’ म्हणतात.

खालचा ध्रुवक एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश पुढे सोडतो आणि वरचा ध्रुवक नेमका तोच अडवतो. मात्र ज्या पदार्थातील रेणू ठरावीक दिशेने रचलेले असतात, त्यात शिरताना हा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या दोन किरणांत विभागला जातो आणि त्याचा काही अंश वरच्या ध्रुवकातून पार होतो. स्टार्चचे रेणू दाण्याच्या नाभीपासून, म्हणजे दाणा जिथून वाढू लागतो त्या बिंदूपासून, कडेकडे, चाकाच्या आऱ्यांसारखे अरीय दिशेने मांडलेले असतात; ही दिशा जिथे ध्रुवकाच्या दिशेशी जुळते, तिथे प्रकाशात बदल होत नाही आणि फुलीचा काळा हात तयार होतो. म्हणूनच दाणा जागचा न हलवता दोन्ही ध्रुवक एकत्र फिरवले, तर फुलीही फिरते. पाणी साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवले, की दाणे फुगतात, रेणूंची मांडणी मोडते आणि फुली पुसली जाते.

स्टार्च आणि पेशीभित्तिका अतिसूक्ष्म स्फटिकमय कणांच्या बनलेल्या असाव्यात, हे अनुमान स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी मांडले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. १९१३ मध्ये जपानच्या निशिकावा आणि ओनो यांनी वनस्पतितंतूंवर क्ष-किरण टाकून पेशीभित्तिकेचा मुख्य घटक असलेल्या सेल्युलोजमधील स्फटिकी रचनेचा पुरावा मिळवला.

अशाच ध्रुवकांतून पाइनच्या लाकडाचा आडवा छेद पाहताना मात्र सावध राहावे लागते. पेशीभित्तिकेच्या दुय्यम थराचे बाहेरचे आणि आतले पातळ पदर चकाकतात, तर मधला सर्वांत जाड पदर जवळजवळ काळा दिसतो. तिथे सेल्युलोज भरपूर असते. पण त्याचे तंतुक (अतिसूक्ष्म धागे) पेशीच्या लांबीला जवळपास समांतर, म्हणजे आपल्या दृष्टीच्या रेषेत असल्यामुळे प्रकाशाचे विभाजन फारसे होत नाही. उभ्या छेदात हाच पदर उजळतो. काळे दिसले म्हणजे तिथे काही नाही, असा निष्कर्ष येथे हमखास चुकतो.

उजळ दिसणारे सारेच स्टार्च किंवा सेल्युलोज नसते, हेही तितकेच खरे. घशाला खाज आणणाऱ्या अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे असतात आणि ते ध्रुवित प्रकाशात लखलखतात. अशा वेळी आयोडीनचा थेंब टाकावा: स्टार्च निळे-काळे होते, सुयांना मात्र हा रंग चढत नाही.