काळी ट्यूब, करडा फेस: शेव्हिंग क्रीममध्ये कोळसा कशाला?

[दृश्य: मेडिकल स्टोअरची शेल्फ, शेव्हिंग क्रीमच्या ट्यूब]

ही शेल्फ बघा. पूर्वी इथे लिंबू, मेन्थॉल, चंदन एवढेच प्रकार असायचे, आता मधेच काळ्या ट्यूबची एक रांग आलीये आणि त्यांच्यावर चारकोल, डिटॉक्स, डीप क्लीन असं काय काय लिहिलंय, आणि भाव शेजारच्या साध्या ट्यूबपेक्षा चढाच. मग या कोळशाचा दाढीला काही उपयोग आहे का? घाईत असाल तर उत्तर आत्ताच घ्या: नाही. पण का नाही ते बघण्यासारखं आहे, कारण कोळसा स्वतः भलता गुणी गडी आहे, त्याला फक्त भलत्याच खात्यात नोकरीला लावलंय.

[दृश्य: करवंट्यांचा ढीग, भट्टीतून निघणारा धूर]

हा चुलीतला कोळसा नाही हं. अॅक्टिव्हेटेड चारकोल लाकडापासून, दगडी कोळशापासूनही करतात, पण नारळाच्या करवंटीचा चांगला समजतात, आणि तामिळनाडू-केरळकडे त्याचे मोठे कारखाने आहेत. करवंटी कमी हवेत जाळून आधी तिचा कोळसा करायचा, मग तो साधारण 800 ते 1000 अंश सेल्सिअसला वाफेत तापवायचा, ती वाफ त्याला आतून कुरतडत जाते आणि इतकी बारीक बारीक भोकं पडतात की एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर 1000 चौरस मीटरच्या आसपास भरतील. म्हणजे चिमूटभर पावडरीत दहा गुंठे!

या भिंतींना नको असलेले रेणू येऊन चिकटतात, एवढंच त्याचं काम, पण ते तो जबरदस्त करतो. कुणाच्या पोटात विष गेलं तर काही विषांवर डॉक्टर हाच कोळसा पाण्यात कालवून पाजतात, मोठ्या माणसाला 50 ग्रॅमच्या आसपास, आणि शक्यतो पहिल्या तासाभरात. पहिल्या महायुद्धात विषारी वायू सुटला तेव्हा रशियन रसायनतज्ज्ञ झेलिन्स्कीने 1915 मध्ये कोळशाचा मास्क बनवला, आणि 1918 मध्ये अमेरिकेत लोकांकडून पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफलं गोळा करत होते, का तर मास्कसाठी कोळसा पाहिजे. आपल्या घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्येही हाच बसलाय.

[दृश्य: काचेचा ग्लास, पाण्यात निळ्या शाईचे थेंब, वरून काळी पावडर]

हे नीट बघा. ग्लासभर पाणी, त्यात शाईचे चार थेंब, वरून दोन चमचे चारकोल. आत्ता नुसता काळा चिखल दिसतोय. थोडा वेळ ढवळत राहायचं आणि मग फिल्टर पेपरमधून गाळायचं... खाली पडणारं पाणी बघा. निळा रंग गेला. जादू वगैरे काही नाही, शाई आत अडकली.

पण या प्रयोगात कोळसा भरपूर होता, त्याला वेळ मिळाला, आणि मुख्य म्हणजे त्याची भोकं रिकामी होती. आता हीच पावडर क्रीमच्या ट्यूबमध्ये टाका. तिथे ती महिनोन् महिने साबण, ग्लिसरीन आणि परफ्यूम यांच्यात बुडून बसते. सुगंधी रेणूंना तर कोळसा आनंदाने धरून ठेवतो, म्हणजे कंपनीने पैसे देऊन घातलेला वास तिचाच कोळसा गिळायला बघतो! तुमच्या गालावर पोचेपर्यंत तो बऱ्यापैकी जेवून आलेला असतो, पुढे दोन मिनिटं चेहऱ्यावर आणि मग थेट बेसिनमध्ये. फिल्टरमधला कार्बनसुद्धा भरला की बदलावा लागतो, मग ट्यूबमधला कसा काय ताजा राहील?

आणि तो ओढणार तरी काय? डिटॉक्स म्हणे. शरीरातली घाण बाहेर टाकायचं काम लिव्हर आणि किडनी करतात, गालाच्या कातडीखाली विषाचं गोदाम नसतं. वरचं तेल, घाम, धूळ म्हणाल तर शेव्हिंग क्रीम मुळात साबणच आहे, ते तसंही निघतं.

दातांचंही थोडंफार असंच झालं. आपल्याकडे राखुंडी होती, काळं दंतमंजन होतं, त्यामुळे चारकोल टूथपेस्ट आली तेव्हा लोकांना ओळखीचं वाटलं, पण 2017 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलने चारकोलवरचे उपलब्ध अभ्यास तपासले आणि दाव्यांना पुरेसा पुरावा नाही असंच निघालं. कोळशाचा कातडीशी खरा संबंध कुठे येतो सांगू? काही जखमांच्या ड्रेसिंगमध्ये, दुर्गंधी धरून ठेवायला. तिथे तो कापडाच्या थरात असतो, साबणात बुडालेला नसतो.

[दृश्य: गल्लीतलं सलून, ब्रश गोल गोल फिरतोय]

दाढी गुळगुळीत कशाने होते हे बघायचं तर सलूनमध्ये जाऊन बसा. आधी पाण्याचा फवारा, मग ब्रश, आणि कारागीर गप्पा मारत मारत फेस करतच राहतो, आपल्याला वाटतं टाईमपास चाललाय, पण तीच तर खरी प्रोसेस आहे. केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो आणि कापायला जोर बराच कमी लागतो. फेसाचं काम ते पाणी केसाला धरून ठेवायचं आणि ब्लेड-कातडीमध्ये निसरडा थर द्यायचा. मग एक हात सुलटा, फेस परत, एक हात उलटा, शेवटी तुरटी. यात कोळसा कुठेच लागला नाही.

[दृश्य: ट्यूबची मागची बाजू, बारीक अक्षरं, कॅमेरा जवळ]

आता ट्यूब उलटी करा. स्टिअरिक अॅसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साईड, ग्लिसरीन, ही खरी काम करणारी मंडळी, पहिल्या दोघांचा साबण होतो आणि ग्लिसरीन ओलावा धरतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक टक्क्याच्या वरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात. चारकोल शोधा, तो पार शेवटी परफ्यूमच्या आजूबाजूला सापडला तर काय समजायचं ते समजा. आणि नुसतं सी.आय. 77266 लिहिलं असेल तर तो कार्बन ब्लॅक, म्हणजे निव्वळ काळा रंग.

काही जण म्हणतात चारकोलवाली क्रीम जास्त निसरडी लागते. लागत असेल, पण मग त्यात केओलिनसारखी माती किंवा जास्तीचं ग्लिसरीन आहे का ते बघा, श्रेय बहुतेक त्यांचं. मला तर उलट एक तोटाच दिसतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर पांढरा फेस कसा उठून दिसतो, रेझर कुठून गेला आणि कुठला पट्टा राहिला ते लगेच कळतं. करड्या फेसात, त्यात दाढी काळी-पांढरी असेल तर, जबड्याखालचं हमखास सुटतं.

जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ब्लेडमध्ये घाला. 2020 मध्ये सायन्स मासिकात एमआयटीच्या संशोधकांचं काम आलं होतं, ब्लेडचं स्टील केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण असतं, तरी केस वाकून विशिष्ट कोनात आला आणि धारेच्या त्या जागी स्टील जरा कमजोर असलं तर तिथला कपचा उडतो. अशा कपचे उडालेल्या ब्लेडने घोटत बसायचं आणि मग मानेवर पुरळ आलं म्हणून चारकोल शोधायचा, याला काय अर्थ आहे.

कुणी गिफ्ट दिलीच असेल काळी ट्यूब तर फेकू नका, साबण म्हणून ती ठीकच असते. आधी चेहरा कोमट पाण्याने चांगला भिजवा, फेस दोन-तीन मिनिटं राहू द्या, पांढरा टॉवेल लांब ठेवा, आणि बेसिन लगेच धुवा, नाहीतर तो करडा थर वाळला की घासत बसावं लागतं आणि घरात बोलणी बसतात ती वेगळीच.