अंगातलंच प्रथिन, पण मात्रा मोजून

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "शरीर जे आपणहून तयार करतं, ते टोचून घेतलं तर अपाय कसा होईल?" विषय होता इंटरल्यूकिन-12 या प्रथिनाचा. त्या प्रश्नाचं उत्तर दोन जीव गमावून मिळालेलं आहे.

आपल्या पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी हे प्रथिन बनवतात. जंतू आत शिरले, की ते बाकीच्या पेशींना कामाला लावतं. कर्करोगाच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्याही त्यामुळे रोखल्या जातात. कापोसी सार्कोमा या कर्करोगात कातडीवर, टाळूवर जांभळट चट्टे उठतात आणि त्यांत अशाच वाहिन्यांची गर्दी असते. 1981 मध्ये अमेरिकेत तरुण पुरुषांना हे चट्टे दिसू लागले, ती एड्सच्या पहिल्या खुणांपैकी एक होती. म्हणून या प्रथिनावर आशा होती.

पण आधीची हकीकत ऐका. कर्करोगाच्या रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीत प्रत्येकाला या प्रथिनाचं आधी एकच इंजेक्शन देऊन दोन आठवडे थांबत, मग रोजचे डोस सुरू करत. पुढच्या चाचणीत ते पहिलं इंजेक्शन गाळलं. 17 रुग्णांपैकी 12 जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, दोघे दगावले. नंतर उंदरांवर आणि माकडांवर तपासलं, तेव्हा कळलं की ते एकटं इंजेक्शनच शरीराला पुढचे डोस सोसायला तयार करत होतं. हे सांगताना मला आजही गलबलून येतं.

त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं एड्सच्या 32 रुग्णांना आठवड्यातून दोनदा, कातडीखाली, अगदी थोड्या मात्रेपासून चढवत हे प्रथिन दिलं. 2006 मध्ये निकाल छापला. पुरेशी मात्रा मिळालेल्या ज्या 24 जणांवरचा परिणाम तपासता आला, त्यांपैकी 17 जणांचे चट्टे ओसरले. यातल्या बहुतेकांना एचआयव्हीच्या गोळ्याही चालू होत्या, आणि त्या गोळ्यांनीही चट्टे कमी होतात. त्यामुळे सगळं श्रेय प्रथिनाला देणं मला पटत नाही.

काकूंनी पुढे विचारलं, "मग ते इंजेक्शन एमवायमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, मिळेल का?" नाही, काकू. मिळतात त्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या त्याच गोळ्या. सरकारनं 1 एप्रिल 2004 पासून त्या फुकट द्यायला सुरुवात केली. चट्टे दिसले, तर आधी एचआयव्हीसाठी रक्त तपासून घ्या, आणि एचआयव्ही निघाला तर त्या सुरू करा.