चार ब्लॉकांची उडी

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, रेडिओ जरा जवळ ओढून बसा, आज मी तुम्हाला एका जिन्याबद्दल सांगणाराय. मी बेळगावातल्या वडगावचा, धंदा गवंडीकामाचा, वडलांच्या हाताखाली शिकलो आणि आजपर्यंत किती घरांचे जिने बांधले त्याचा हिशेब नाही. खरं हा जिना मी बांधलेला नाही, माझ्या भाच्यानं बांधलाय, नववीत आहे तो, आणि जिना आहे मोबाईलात.

माइनक्राफ्ट हे नाव ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांनी ऐकलं असणारच. स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा गेम, २००९ साली पहिल्यांदा लोकांच्या हातात आला, पूर्ण होऊन बाजारात आला २०११ च्या नोव्हेंबरात, मग २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी अडीचशे कोटी डॉलरला घेतली, आणि २०२३ पर्यंत ३० कोटींच्या वर प्रती खपल्या. आत काय आहे म्हणाल तर चौकोनी ठोकळे, ब्लॉक म्हणतात पोरं. मातीचा, दगडाचा, लाकडाचा, बर्फाचा, प्रत्येक ब्लॉक एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. ते रचायचे आणि पाहिजे ते बांधायचं. दिवाळीत आपल्या गल्लीगल्लीत पोरं मातीचे किल्ले करतात की, तसंच, फक्त हात मळत नाहीत.

आमच्या भाच्यानं बांधला तो पार्कूरचा मॅप, म्हणजे गेममधला खेळायचा रस्ता. पार्कूर म्हणजे उड्या मारत अडथळे पार करत जायचं. हा शब्द आला फ्रेंच लष्कराच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरनं, आणि हे बेळगाववाल्यांना वेगळं समजावायला नको, आपल्या इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कमांडोंचं ट्रेनिंग इथंच होतं, भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यानं पळताना तुम्ही रोज बघता. भिंत, दोरी, खड्डा, तोल. तेच गेममध्ये, ब्लॉकांवरनं, उंच हवेत.

त्याच्या मॅपची सुरवात आहे वडगावातल्या एका कौलारू घराच्या छपरावर आणि शेवट येळ्ळूरच्या किल्ल्यावर, राजहंसगडावर, सिद्धेश्वराच्या देवळापाशी. मधे येळ्ळूरची भातशेती, पाण्यानं भरलेली, आणि त्या पाण्यावर तरंगणारे ब्लॉक. पडलं की पाण्यात पडायचं, पाण्यात पडलं तर गेममध्ये लागत नाही. कोरड्या जमिनीवर तीन ब्लॉकांच्या वरनं पडलं की मार बसायला लागतो आणि तेवीस ब्लॉकांवरनं पडलं तर गेममधला माणूस मरतोच, म्हणून खाली पाणी. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी गप्पच झालो, कारण बांधायच्या आधी पडणाऱ्याचा विचार करायचा हे मला धंद्यात दहा वर्षांनी उमगलं होतं.

आता मापाचं सांगतो, माझा जीव त्यात आहे. घराच्या जिन्यात पायरीची उंची सहा-सात इंच, पाय ठेवायला दहा-अकरा इंच, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या. एक पायरी अर्ध्या इंचानं जास्त झाली की माणूस तिथंच ठेचकाळतो, कारण दोन पायऱ्या चढल्यावर डोळे बघायचं सोडतात आणि पायच माप धरतात. ह्या गेममधल्या माणसाचंही माप ठरलेलं आहे, तो उभ्या उभ्या सव्वा ब्लॉक उंच उडतो, पळत येऊन उडी मारली तर सपाटीवर मधलं चार ब्लॉकांचं अंतर पार होतं, आणि समोरचा ब्लॉक एकानं उंच असेल तर तीनच. एवढ्या तीन आकड्यांवर अख्खा मॅप उभा आहे. सोपी उडी दोनची, मधली तीनची, आणि चारची जिथं असेल तिथं अगदी काठावर जाऊन बटण दाबावं लागतं, जरा आधी दाबलं की गेला पाण्यात.

एक जागा मला लई आवडली. मधेच लाकडाचं कुंपण येतं. बघायला ते एकच ब्लॉक उंच, खरं चढायला गेलं की गेम त्याला दीड ब्लॉक धरतो, म्हणजे सव्वाची उडी त्याला पुरत नाही. आलेला प्रत्येक पोरगा तिथं धडकतो, परत परत उड्या मारतो. आणि शेजारीच, जरा मागं, अर्ध्या उंचीचा ब्लॉक ठेवलाय, आपण पायरीला फरशी लावतो तसा. त्याच्यावर उभं राहिलं की राहतं एकच ब्लॉक आणि उडी बसते. कुठं पाटी लावलेली नाही, बाण नाही. डोकं चालवलं की दिसतं. मी भाच्याला विचारलं, अरे तो अर्धा ब्लॉक कोपऱ्यात का लपवला नाहीस, जास्त अवघड झालं असतं की. तर म्हणाला, "मामा, लपवला तर ते पोराला फसवल्यासारखं होतंय. समोर आहे, त्यानं बघितला नाही तर ते त्याचं." वय वर्षं चौदा.

पुढं बर्फ येतो, त्यावर पाय घसरतो, थांबता येत नाही, खरं वेग मिळतो. मग हिरवा चिकट स्लाइम ब्लॉक, त्याच्यावर पडलं की चेंडूसारखं वर उडवतो. मग भिंतीला लावलेल्या शिड्या, एका शिडीवरनं दुसरीवर झेपायचं. आणि सगळा मॅप अॅडव्हेंचर मोडमध्ये ठेवलाय, म्हणजे खेळणाऱ्याला ब्लॉक फोडता येत नाही, नवा लावता येत नाही, जे आहे त्याच्यावरनंच जायचं.

खरी मेहनत मात्र चेकपॉइंटमध्ये गेली. ठरावीक जागी जमिनीत दाबाची पट्टी असते, प्रेशर प्लेट, तिच्याखाली कमांड ब्लॉक पुरलेला, त्यात गेमनं काय करायचं त्या हुकमाची, कमांडची, एक ओळ लिहिलेली असते. पट्टीवर पाय पडला की पुढं मेल्यावर तुम्ही तिथूनच परत उठता. पाण्यात पडलेल्यालाही आणखी एक कमांड त्याच जागी आणून सोडते. पट्ट्या फार लांब ठेवल्या तर पोरगं वैतागून मोबाईल फेकतं, फार जवळ ठेवल्या तर छातीत धडधड राहत नाही. भाच्यानं काय केलं, खानापूरच्या आपल्या आतेभावाला बसवलं आणि स्वतः शेजारी वही घेऊन बसला. तो जिथं पडेल तिथं एक रेघ. बर्फाच्या वळणावर अकरा रेघा झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं उडी तशीच ठेवली, ब्लॉकही हलवला नाही, फक्त वळणाच्या आधी एक पट्टी घातली. ती वही मी बघितलीय मंडळी, पेन्सिलीनं काढलेला रस्ता, प्रत्येक उडीला आकडा आणि त्याच्याखाली रेघा, मी साइटवर काढतो त्या नकाशापेक्षा स्वच्छ.

आणि हे सगळं दुसऱ्यांदा बांधलेलं आहे. पहिला मॅप गडाच्या अर्ध्या चढापर्यंत आला होता तेव्हा मोबाईल बिघडला, दुरुस्तीला दिला, आणि परत मिळाला तो आतलं सगळं पुसूनच. मोबाईलमधल्या ह्या गेमची दुनिया मोबाईलातच साठते, आपण होऊन बाहेर काढून ठेवली नाही तर गेली. तीन दिवस पोरगं नीट जेवलं नाही, माझी बहीण घाबरली. म्हणून हात जोडून सांगतो, तुमची पोरं काही बांधत असतील तर आठवड्यातनं एकदा एक्स्पोर्ट करून ती फाइल दुसरीकडं ठेवायला लावा, गेमच्या सेटिंगमध्येच तो पर्याय आहे, दोन मिनिटांचं काम. चौथ्या दिवशी वही उघडून त्यानं परत कौलांपासनं सुरवात केली. मी बाजूला बसलो होतो. काही विचारलं नाही, फक्त दगड कुठला लावतोय ते बघत होतो.

मीही खेळतो आता, रात्री कामावरनं आल्यावर. कुंपण चढलो, स्लाइमवरनं गेलो, शिड्याही जमल्या. गडाच्या दाराआधी चारची उडी आहे, तिथं अडकलोय. परवा मोबाईल हातात घेतला तर त्या उडीच्या अलीकडं एक नवी पट्टी दिसली, आधी नव्हती. मी म्हटलं, हे काय करायलास रे, वहीत तर इथं पट्टी नाही. तो म्हणाला, "तुझ्या रेघा पण मोजल्या मामा."