चार इंचांची सरहद्द

श्रोतेहो, नमस्कार. ऑफिसातल्या प्रिंटरचा एक कागद डोळ्यांसमोर आणा. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर, ॲरिझोनात, कित्येक मैल तीस फुटी लोखंडी भिंत आहे. खांबाखांबांत फट जेमतेम चार इंचांची. म्हणून काही ठिकाणी तळाशी जनावरांसाठी भोकं ठेवली, साधारण त्या कागदाएवढी. कोल्ह्याच्या कुळातला कोयोटी आणि पेकरी नावाचं रानडुकरासारखं जनावर त्यातून अंग चोरून जातात. मोठं हरीण किंवा काळं अस्वल कसं जाणार? भिंत म्हणजे खरं तर चाळण. कोण पार होणार, हे भोकाच्या मापावर ठरतं.

आणि भिंत पडली तरी प्रश्न सुटतोच असं नाही. शीतयुद्धात चेकोस्लोव्हाकिया आणि पश्चिम जर्मनीच्या मधल्या जंगलात वीज सोडलेल्या तारा होत्या. 1989 नंतर त्या निघाल्या. पण दोन दशकांनंतरही तिथली तांबडी हरणं जुन्या रेषेपाशी माघारी वळत होती. हरणांच्या गळ्यात बांधलेल्या, ठावठिकाणा कळवणाऱ्या कॉलरवरून ते दिसलं. बरं, यांतल्या बहुतेकांनी ती तार पाहिलेलीसुद्धा नव्हती! पाडस आईमागे फिरून वाटा शिकतं, आणि आई जिथून वळते तिथूनच तेही वळतं.

आता आपल्या दारात येऊ. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून तुंगारेश्वर अभयारण्याकडे निघालेल्या जनावराला घोडबंदर रोड, वसईची खाडी, वसई–दिवा रेल्वे आणि चिंचोटी–भिवंडी रस्ता लागतो. बिबट्या भिंतीवर चढतो, पोहतोही. त्यामुळे 'जनावरं जातात की' असं आपण सहज म्हणून जातो. चितळाला विचारा! बिबट्या हे माप धरणं चुकीचं.

उपाय आहे, आणि महाराष्ट्रातच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 उचलून खालून नऊ वाटा सोडल्या आहेत, 50 ते 750 मीटर रुंद. वाघ, रानकुत्रे, चितळ त्यांतून ये-जा करताना कॅमेऱ्यात आले आहेत. रुंदी का लागते? चितळ-सांबराला पलीकडचा उजेड आणि झाडी दिसली पाहिजे. अरुंद बोगद्यात ती शिरत नाहीत. खाली माती हवी, काँक्रीट नको. वरच्या गाड्यांचा आवाज आणि झोत अडवायला कडेला पडदे हवेत. त्याच वाटेत ट्रक थांबू लागले, गुरं बसू लागली की जनावरं फिरकत नाहीत. आणि वाटेकडे वळवणारं कुंपण अर्ध्यात सोडलं, तर ते जिथे संपतं, नेमकं तिथेच जनावर रस्त्यावर येतं.