आधी वाचक, मग मार्क

नमस्कार. सगळ्या काका-काकूंना, आजी-आजोबांना, आणि मागच्या रांगेत माझ्या वर्गातले जे चौघं फक्त चहा-भाकरवडीसाठी आलेत त्यांनाही. मला चाळीस मिनिटं दिलीयेत, त्यात शेवटची दहा प्रश्नांची, आणि घंटी सेक्रेटरी काकांच्या हातात आहे, जे माझ्या बाबांचे मित्र असल्यामुळे माझ्यावर अजिबात दया करणार नाहीत. बोर्डावर जो विषय लिहिलाय, "महाविद्यालयीन लेखन व मूल्यमापन: एक चिंतन", तो माझा नाही. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की मला मार्कांबद्दल जरा तक्रार करायचीये. त्याचं चिंतन कधी झालं ते मंडळाला माहीत.

माझं म्हणणं तसं छोटंसं आहे. आम्ही कॉलेजात पानंच्या पानं लिहितो, ती सगळी तपासली जातात, पण वाचत कोणी नाही. तपासायच्या आधी ती कोणीतरी नुसती वाचायला हवीत, आणि तो वाचणारा शेजारच्या बाकावरचा असेल तर सगळ्यात बरं. हे जमवायची एक पद्धत आम्ही करून बघितलीये, आजचं भाषण खरं त्या पद्धतीवर आहे. तिच्याकडे येतेच.

आता बडोद्यात भाषण आहे म्हटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सयाजीराव महाराज यायला हवेत, नाहीतर आजोबा मंडळी उठून जातील. तर 1906 ला सक्तीचं प्राथमिक शिक्षण, 1910 ला सेंट्रल लायब्ररी. झालं, आले महाराज. (हशा) पण मला खरं बोलायचंय त्यांच्या कॉलेजातल्या एका मास्तरांबद्दल. श्रीअरविंद 1893 ते 1906 इथे बडोद्यात होते हे तुम्हाला माहितीच आहे, बडोदा कॉलेजात, म्हणजे आपल्या त्या मोठ्या घुमटाच्या इमारतीत, ते इंग्लिश शिकवायचे. पुढे पाँडिचेरीला शिष्यांशी गप्पा मारताना त्यांनी इथली एक गोष्ट सांगितलीये. ते इंग्लिश कवी साउदीने लिहिलेलं नेल्सन या ब्रिटिश नौसेनापतीचं चरित्र शिकवत होते, तर मुलं म्हणाली, सर, तुम्ही सांगताय ते पुस्तकातल्या नोट्सशी जुळत नाहीये. त्यावर ते म्हणाले, मी त्या नोट्स वाचलेल्याच नाहीत, आणि तशाही त्या बहुतेक टाकाऊ असतात. आणि त्यांना सगळ्यात नवल कशाचं वाटलं, तर मुलं त्यांचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायची आणि तोच पाठ करायची. सव्वाशे वर्षं होऊन गेली हो. आम्ही आता उतरवून घेत नाही, मोबाइलने बोर्डाचा फोटो काढतो, एवढीच काय ती प्रगती.

बरं. तर फर्स्ट इयरला आमच्याकडे एकदम नवीन वारं आलं, पिअर रिव्ह्यू, म्हणजे मुलांनीच एकमेकांचं तपासायचं. कॉलेजचं नाव मी घेणार नाही, ज्यांना माहितीये त्यांनी गालात हसावं. "माझ्या शहरातली एक जागा" या विषयावर 800 शब्द लिहायचे, अपलोड करायचे, मग नाव झाकून ते तिघा जणांकडे जाणार आणि त्यांनी गूगल फॉर्मवर 10 पैकी मार्क द्यायचे, ओरिजिनॅलिटीला 3, ग्रामरला 2, प्रेझेंटेशनला 2, रेफरन्सेसला 3, आणि खाली एक कमेंट कंपल्सरी, किमान दहा शब्दांची. हे 10 मार्क इंटर्नलच्या 25 मध्ये धरणार. म्हणजे इंटर्नलचे चाळीस टक्के आमच्याच हातात, आम्ही तर खूश.

त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, "सगळ्यांनी सगळ्यांना 9 द्या. 10 देऊ नका, मॅमना डाउट येईल." यात आम्ही काही फार मोठं पाप केलं असं मला आजही वाटत नाही. लग्नात आहेराची वही असते ना, त्यांच्याकडून आपल्याला 501 आले होते, तर आपण त्यांना 501 करायचे, तसं आहे हे, त्यात वधूवर कसे दिसतात याचा काय संबंध? मार्क ही देण्याघेण्याची गोष्ट केलीत की लोक देवाणघेवाणच करणार.

आता खरी गंमत. आमच्यातल्या एका मुलाने घाईघाईत चुकीची फाइल अपलोड केली. त्याच्या सोसायटीच्या गणपतीची आरती-प्रसादाची यादी. एक्सेलमधून काढलेली, दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, कोणाकडे आरती, कोणाकडे प्रसाद, मोदक की शिरा की नुसते पेढे, आणि शेवटच्या ओळीत "अनंत चतुर्दशी, दुपारी 4, ट्रॅक्टर सांगितला आहे". ही यादी तिघांकडे गेली. तिघांनी मार्क दिले. ग्रामरला 2 पैकी 2. कमेंट काय होत्या? पहिला म्हणतो, व्हेरी वेल स्ट्रक्चर्ड. खरंय, तक्ताच होता तो. दुसरी म्हणते, सुरुवात छान आणि फ्लोही चांगला, पण कन्क्लुजन थोडं अब्रप्ट वाटलं. अहो, अब्रप्टच असणार, विसर्जन झालं की! (हशा) आणि तिसरा महाभाग म्हणतो की रेफरन्सेस अजून वाढवता येतील. मुलाला 9. मी सुरसागर तलावावर चार संध्याकाळी बसून लिहिलं होतं, मलाही 9.

मी त्या तिसऱ्याला नंतर शोधून काढलं. नाव झाकलेलं असलं तरी आमच्या वर्गात काही झाकलेलं राहत नाही. म्हटलं, तू फाइल उघडली होतीस का? म्हणे, उघडली होती, पण मला वाटलं हे काहीतरी एक्सपेरिमेंटल आहे. आता याच्यावर काय बोलणार. आणि हल्ली तर तेवढेही कष्ट नाहीत, फाइल चॅटजीपीटीत टाकायची, तेही अगदी हेच सांगतं, फ्लो छान, कन्क्लुजन जरा अजून. फरक इतकाच की त्याने निदान ओळखलं असतं की ही आरतीची यादी आहे.

मी मॅमकडेही गेले होते. मॅमना मी दोष देत नाही, दोन डिव्हिजनची मिळून 140 मुलं, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मानांकनाच्या फाइल्स, वर इलेक्शन ड्यूटी. त्या म्हणाल्या, मग तूच सांग, मी तपासले असते तर फार वेगळं झालं असतं का? आणि हा प्रश्न इतका प्रामाणिक होता की मी घरी येऊन शोधत बसले. तर 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी एक उद्योग केला. इंग्लिशच्या उत्तरपत्रिका घेतल्या, त्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या, आणि शंभरावर शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. एका उत्तरपत्रिकेला कोणी 98 दिले, कोणी 64. दुसरीला 50 पासून 97 पर्यंत. पेपर तोच, अक्षर तेच! गणितवाले काका हसतायत पहिल्या रांगेत, हसू नका, पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला, त्याला 28 पासून 90 च्या वरपर्यंत पडले. कोणी आकृती नीटनेटकी नाही म्हणून कापले, कोणी फक्त रीत बघितली.

आणि हे मार्क काही आपल्या वेदांतून आलेले नाहीत. 1785 मध्ये येलचे प्रेसिडेंट एझ्रा स्टाइल्स यांनी 58 मुलांची परीक्षा घेतली आणि डायरीत त्यांचे चार ढीग लिहून ठेवले, लॅटिन नावं देऊन, सगळ्यात खालच्या ढिगात 10 जण. ए-बी-सी-डी सुरू झालं माउंट होल्योक कॉलेजात, 1897 ला. आणि आपल्याकडे यूजीसीने 2015 मध्ये सीबीसीएस, म्हणजे चॉइस बेस्ड क्रेडिट सिस्टिम आणलं, ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7. आमच्या घरी आजीला अजूनही कळत नाही की ओ आला म्हणून पेढे का वाटले, तिला वाटतं शून्य पडला.

घंटी? आत्ताच? काका, पंचवीस मिनिटंच झालीत माझ्या घड्याळात. बरं, बरं.

तर मुद्दा. आमचा एक छोटा कंपू आहे, चौघांचा, मागे बसलेत तेच. पुढच्या सेमला आम्ही ठरवलं की सबमिट करायच्या आधी कमाटीबागेत बसून एकमेकांचं वाचायचं. एकाने सेंट्रल लायब्ररीवर लिहिलं होतं. पहिलं वाक्य, "महाराजा सयाजीराव गायकवाड हे एक द्रष्टे राजे होते." मग दोन पॅरा द्रष्टेपणाचे, मग अमेरिकेतून बोर्डन साहेब या ग्रंथपालांना बोलावलं ते, सगळं बरोबर, सगळं आपण इथे दर महिन्याला ऐकतो ते. आणि तिसऱ्या पानावर मध्येच एक ओळ, की पुस्तकांच्या मांडणीत वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे आणि वर कोणी चाललं की खालच्यावर सावली सरकते. पुढे लगेच परत द्रष्टेपण.

आमच्याबरोबर एक कॉमर्सची मुलगी होती, तिला आमच्या सब्जेक्टशी काही देणंघेणं नाही, ती सेवउसळ खायला जायचं म्हणून थांबली होती. ती एकदम म्हणाली, "एक मिनिट. काचनी जमीन? तुं उपर हतो के नीचे?" हा गप्प. मग म्हणाला, खाली होतो, पुस्तक शोधत होतो, पानावर सावली आली म्हणून वर बघितलं तर कोणाच्या तरी चपलांचे तळवे. ती म्हणाली, मग हे का नाही लिहिलंस? बास, एवढंच. तिने मार्क दिले नाहीत, "सरस छे" म्हणाली नाही, कन्क्लुजनचं तर नावच नाही. त्याने रात्री परत लिहिलं, चपलांच्या तळव्यांपासून सुरू केलं, आणि मग ती काच कशाला, तर खालच्या रॅकपर्यंत उजेड पोचावा म्हणून, आणि तिथून महाराज तिसऱ्या पॅरात आपोआप आले, आणि खरंच द्रष्टे वाटले. त्याला बी प्लस मिळाला, ते सोडा.

फाइन आर्ट्सवाल्यांना हे सगळं नवीन नाही. आपण सगळे त्यांच्या डिस्प्लेला, म्हणजे प्रदर्शनाला जातो, चित्र भिंतीवर असतं, येणारा-जाणारा समोर थांबतो किंवा थांबत नाही, चित्रकाराला ते तिथेच दिसतं. बेंद्रे सर, चित्रकार ना. श्री. बेंद्रे, आपले इंदूरचे, 1950 ला इथे शिकवायला आले, त्यांच्यावर मला खरं दहा मिनिटं बोलायचं होतं, ते राहिलं. एवढंच म्हणते की लिहिणाऱ्याला अशी भिंत नाही. त्याची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात जाते आणि रद्दीतून निघते.

दुसरी घंटी, हो, ऐकू आली. पद्धत भरभर सांगते, हीच सांगायला आले होते. पहिल्या खर्ड्यावर आकडा नाही, कोणाचाच नाही, मॅमचाही नाही. याला कारण आहे, 1988 मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलच्या शाळेत बघितलं, काही मुलांना नुसती कमेंट दिली, काहींना नुसते मार्क, काहींना दोन्ही. नुसती कमेंट मिळालेली मुलं पुढच्या वेळी सुधारली, आणि दोन्ही मिळालेल्यांची गत नुसते मार्क मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला की खालचं कोणी वाचत नाही, तुम्ही तरी रिपोर्ट कार्डवरचा शेरा वाचायचात का?

मग चौघांचा गट. लिहिणाऱ्याने स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, कारण आपण आपलं वाचताना अडखळतो तिथे सावरून घेतो, दुसरा सावरत नाही. ऐकणाऱ्यांनी फक्त तीनच गोष्टी सांगायच्या, कुठे थांबलो, कुठे हरवलो, काय अजून ऐकायचंय. छान म्हणायला बंदी, सल्ल्यालाही बंदी. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, विचारलं तरच. ज्यांना वाटतं याला वेळ कुठे आहे त्यांच्यासाठी हिशोब, 800 शब्द मोठ्याने वाचायला सहा-सात मिनिटं, वर पाच मिनिटं बोलणं, चौघांचे मिळून पन्नासच्या आत, म्हणजे एक पिरियड. 140 मुलं असली तरी तोच पिरियड, सगळे गट एकदम बसतात, गोंगाट होतो, होऊ दे. दुसरा खर्डा मॅमकडे, त्याला ऐकणाऱ्यांची टिपणं पिनने जोडलेली, मार्क मॅमनी एकदाच द्यायचे. पिअरने मार्क द्यायचेच नाहीत, इंटर्नलमध्येही नाही, आहेराची वही बंद. मॅमचं काम वाढतं का? माझ्या मते घटतं, कारण टिपणात "थांबलो" लिहिलंय तिथे काही बदललं का एवढं आधी बघितलं तरी निम्मं कळतं. हे मी मॅमना लिहून दिलंय, त्या म्हणाल्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजपुढे ठेवावं लागेल, म्हणजे मी पास आउट झाल्यावर.

तोवर आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे लेख आहेत. दरवर्षी संपादक काकू एकट्या रात्री जागून वाचतात आणि कोणालाही नाही म्हणू शकत नाहीत. या वेळी लेख आले की चार-चार प्रती काढू, रविवारी सकाळी इथेच, पंखे चालू असतील तर, गट पाडू. ज्यांनी लिहिलंय त्यांनी यायचंच, आणि ज्यांनी नाही लिहिलं त्यांनी तर नक्की या, तुम्हीच जास्त लागणार. फक्त गणितवाले काका, तुम्ही बोट वर करून मार्क द्यायचे नाहीत. तिसरी घंटी झाली, प्रश्न चहा घेता घेता विचारा.