शेतावरचा कुत्रा काय शिकतो

मंडळी, शेतावर कुत्रा पाळणाऱ्यांच्या दोन तक्रारी माझ्याकडे सतत येतात. कुत्रा कोंबड्या मारतो, आणि हाक मारली तरी येत नाही. मी आधी एवढंच विचारतो की हा दिवसभर असतो कुठे. उत्तर जवळपास ठरलेलं असतं: 'मोकळाच असतो, एवढं मोठं रान आहे, बांधायचं कशाला?' आज मला बोलायचंय ते या मोकळेपणाबद्दल. शेतावरच्या कुत्र्याचं निम्मं शिक्षण दोर, कुंपण आणि ठरलेल्या वेळा यांतूनच होतं, असं माझं ठाम मत आहे. 'बस', 'थांब', 'ये' हे शब्द त्यानंतर.

अमेरिकेत १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरं आणि कुत्रे लाकडी खोक्यांत कोंडून पाहिले. बाहेर पडायचं तर आतली कडी ओढायची किंवा खटका दाबायचा. बाहेर खाणं ठेवलेलं. जनावर आधी नुसतं धडपडायचं, कधीतरी चुकून खटका दाबला जायचा. पुन्हा पुन्हा कोंडलं की सुटायला लागणारा वेळ कमी कमी होत जायचा. ज्या कृतीतून सुख मिळतं ती पुन्हा केली जाते, हा नियम त्यातून निघाला. कुत्र्यांचं आजचं बरंचसं प्रशिक्षण या नियमावर उभं आहे.

आता हाच नियम शेतावर लावून पाहा. तिथे कुत्र्याला बक्षीस देणारे आपण एकटे नसतो. कोंबडी फडफडत पळते, तेव्हा तिच्यामागे धावण्यातच बक्षीस असतं. ती हाती लागली पाहिजे असंही नाही. कुत्रा भुंकला की मोटारसायकल निघून जाते. ती तशीही जाणारच होती, पण कुत्र्याच्या हिशेबानं आपण तिला हाकललं. रोज चार मोटारसायकली 'हाकलल्या' की महिनाभरात त्याची खात्री पटते, आणि एक दिवस तो चाकाला किंवा पायाला तोंड घालतो. त्याला कोणी शिकवलं नाही असं आपण म्हणतो, पण त्याचा सराव रोज चालू होता.

म्हणून पिल्लू आणलं की पहिलं वर्ष ते एक तर आपल्या नजरेसमोर, एक तर कुंपणाच्या आत, किंवा लांब दोरावर. चौथी अवस्था नाही. अनेकांना हे कठोर वाटतं. पण पहिली शिकार ज्या कुत्र्यानं केलीच नाही, त्याला जनावरांमध्ये शांत बसायला शिकवणं फार सोपं असतं. शिकार केलेल्याला ते शिकवताना आपण त्याच्या सर्वांत गोड आठवणीशी झगडत असतो.

पिल्लाच्या वयाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे चुकलेलं नंतर भरून काढता येत नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी आपल्या म्हणून स्वीकारतं. फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी १९६१ साली याबद्दलचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पिल्लं कुंपण घातलेल्या रानात माणसांच्या संपर्काविना वाढवली आणि वेगवेगळ्या वयात माणसांच्या सहवासात आणली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं पुढेही भेदरलेलीच राहिली. म्हणून आपल्या शेतावर त्याला जन्मभर ज्यांच्यात राहायचंय ते सगळं या काळात त्याच्यासमोर यायला हवं. ट्रॅक्टरचा आवाज, पंप, छत्री, काठी घेतलेला म्हातारा माणूस, रडणारं मूल, गाय, शेळी, कोंबडी. सगळं दुरून आणि शांतपणे दाखवायचं, जबरदस्तीनं तोंडाजवळ नेऊन नाही. पिल्लू घाबरलं तर अंतर वाढवा.

इथे एक अडचण आहे. याच वयात लसी पूर्ण झालेल्या नसतात, आणि पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून लशीचे डोस सुरू होतात आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत ठरावीक अंतरानं दिले जातात. तोवर पिल्लाला परक्या कुत्र्यांच्या जागी जमिनीवर सोडू नका. उचलून न्या, गाडीत बसवून फिरवा. आजारी नसलेल्या, लस घेतलेल्या ओळखीच्या कुत्र्याबरोबर घरच्या अंगणात खेळू द्या. आजाराच्या भीतीनं पिल्लू चार महिने खोलीत ठेवणं हेही नुकसानच आहे.

राखणीच्या कुत्र्यांची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. शिकारीचा क्रम ठरलेला असतो: नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं. मेंढ्या वळवणाऱ्या जातींमध्ये या क्रमाचा पहिला भाग माणसानं निवडीतून धारदार केला आणि शेवटचा दाबून टाकला. बॉर्डर कोली मेंढीवर नजर रोखतो, दबकत सरकतो, पण चावत नाही. कळप राखणाऱ्या जातींमध्ये हा सगळाच क्रम मंद असतो. मारेम्मा, कंगाल, अनातोलियन ही त्यांतली नावं. हे कुत्रे मेंढ्यांना हाकत नाहीत, त्यांच्यात राहतात. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्यानं १९७० च्या दशकात युरोप आणि तुर्कस्तानातून असे कुत्रे अमेरिकेत आणून मेंढपाळांना दिले. जात महत्त्वाची आहे, पण पिल्लू लहानपणी कळपात वाढणंही तितकंच महत्त्वाचं, हे त्यांच्या कामातून ठळकपणे पुढे आलं.

नामिबियात चित्ता संवर्धनासाठी काम करणारी एक संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना अशी पिल्लं देते. कुत्रा कळपाजवळ असला की चित्ता सहसा लांब राहतो, शेतकऱ्याचं जनावर वाचतं, आणि म्हणून चित्त्यावरची गोळीही टळते. ऑस्ट्रेलियात वॉर्नम्बूलजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. ओहोटीच्या वेळी कोल्हे तिथे पोचायचे आणि छोट्या पेंग्विनांची वसाहत २००५ च्या सुमारास दहाच्याही खाली आली होती. २००६ पासून तिथे मारेम्मा कुत्रे ठेवले आणि वसाहत पुन्हा वाढू लागली. उडता न येणारा पक्षी समोरून चालतोय आणि कुत्रा त्याच्या राखणीला बसलाय, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण मेंढ्या वळवणारी जात आणि राखण करणारी जात यांची गल्लत करू नका. ज्याचं रक्त नजर रोखायचं आहे, त्याला कोंबड्यांमध्ये एकटा सोडून 'हा राखण करील' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि राखण्या जातीचं पिल्लूही जन्मतः तयार नसतं. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत ते खेळताना कोकराचा कान ओढतं, करडाच्या मागे धावतं. तेव्हा तिथे माणूस हवा, आणि शक्य असेल तर पिल्लाला जागा दाखवून देणारी एखादी थोराड शेळीही हवी.

आता हाक मारल्यावर न येण्याबद्दल. कुत्र्याला आपण बोलावतो ते कधी? खेळ थांबवायला, बांधायला, आंघोळ घालायला, किंवा रागवायला. मग हाकेचा अर्थ त्याच्यासाठी 'मजा संपली' असा होतो. हे उलटं करायचं. दिवसातून अनेकदा, काहीच कारण नसताना बोलवा, आला की आवडीचं खायला द्या आणि लगेच पुन्हा सोडून द्या. सुरुवात अंगणात, मग गोठ्याजवळ, मग जनावरांच्या जवळ, दहा-पंधरा मीटरच्या दोरावर. हाक एकदाच. पाच वेळा ओरडलं की पहिल्या चार हाका ऐकायच्या नसतात हे तो शिकतो. आला नाही तर दोर हातात घेऊन शांतपणे जवळ आणा, किंवा स्वतः उलट दिशेनं पळा. कुत्रे पळणाऱ्याच्या मागे येतात. मोठ्या रानात शिट्टी उत्तम. ती वाऱ्यातही ऐकू जाते, आणि तिच्यात आपला राग उमटत नाही. आणि उशिरा आला तरी त्याला मारू नका. मार खाल्लेला कुत्रा 'उशीर करू नये' हे शिकत नाही, 'जवळ जाऊ नये' हे शिकतो.

कोंबडी मारल्यावर तीच कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा एक जुना उपाय सांगतात. करू नका. मेलेली, लोंबकळणारी कोंबडी आणि पळणारी कोंबडी या कुत्र्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. कृती आणि परिणाम यांत काही सेकंदांचं अंतर पडलं तरी त्याला ते जोडता येत नाही, मग तासाभरानं आणलेली शिक्षा कशाला जोडणार? त्याऐवजी जाळीच्या अलीकडे त्याला दोरावर घेऊन बसा. पलीकडे कोंबड्या दाणे टिपताहेत. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर आपल्याकडे वळवली की त्याच क्षणी बक्षीस. पाच मिनिटं पुरे. हे काम कंटाळवाणं आहे, आठवडेच्या आठवडे चालतं, आणि याच्याइतकं उपयोगी मला दुसरं काही माहीत नाही.

साखळीचं काय? जन्मभर साखळीला बांधलेला कुत्रा राखण चांगली करतो असा समज आहे. भीती वाटली की जनावराला दोन मार्ग असतात, दूर जाणं किंवा अंगावर जाणं. साखळी पहिला मार्ग काढून घेते. त्यातूनच मुलांना चावणारे कुत्रे तयार होतात. बांधायचंच असेल तर दोन खांबांमध्ये तार ओढून तिच्यावर सरकणारी कडी लावा, सावली आणि पाणी दोन्ही आवाक्यात ठेवा, आणि दिवसातून दोनदा त्याच्याबरोबर शेताची फेरी मारा. कुंपणाचा वाडा याहून बरा. भुंकला की आतून ओरडू नका. बाहेर या, तो दाखवतोय तिकडे पाहा, 'बघितलं' म्हणा आणि जवळ बोलवा. खबर पोचली हे कळलं की पुष्कळ कुत्रे थांबतात.

रात्री सोडायची पद्धत सर्वांत धोक्याची. एकटा असताना गरीब वाटणारा कुत्रा दोन-तीन जणांत मिसळला की वेगळाच होतो, आणि सकाळी शेजाऱ्याच्या मेंढ्या मेलेल्या सापडतात. संध्याकाळचं जेवण ठरलेल्या वेळी, वाड्याच्या आतच द्या. तो स्वतःहून परत येतो, तुम्ही दार लावता. नर-मादी दोघांचीही नसबंदी करून घ्या, कारण मादी माजावर आली की भोवतालचे सगळे नर तुमच्या कुंपणाशी जमतात. वर्षातून साधारण दोनदा हे होतं, आणि ६३ दिवसांनी पिल्लांचा प्रश्न उभा राहतो.

आरोग्याच्या अनेक गोष्टी आहेत, मी शेतीशी निगडित तेवढ्याच घेतो. मेंढी-बकऱ्याचं कच्चं काळीज किंवा फुप्फुस कुत्र्याला घालू नका. त्यात फीतकृमीच्या गाठी असू शकतात. कुत्र्याच्या आतड्यात तो जंत वाढतो, विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, तिथून पुन्हा मेंढीत जातात आणि माणसातही. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात त्याच्या पाण्यानं भरलेल्या गाठी होतात. आइसलँडमध्ये एकेकाळी हा आजार फार पसरला होता. कुत्र्यांना जंताचं औषध आणि कापलेल्या जनावराचं आतडं-काळीज त्यांच्या तोंडी लागू न देणं, या मार्गानं त्यांनी तो देशातून घालवला. गाय व्याली की वार पुरून टाका, तीही कुत्र्याला नको. निओस्पोरा नावाचा परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यात जातो आणि गाभण गाई गाभडतात. म्हणून चाऱ्याच्या गंजीवर कुत्र्याला झोपू देऊ नका.

गुरांना द्यायचं आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध उरलं म्हणून अंदाजानं कुत्र्याला देणं जीवघेणं ठरू शकतं. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे ते औषध मेंदूत शिरतं. उंदरांचं विष हा दुसरा घातकी प्रकार. रक्त गोठू न देणाऱ्या विषाची लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, तोवर कुत्रा ठणठणीत वाटतो. खाल्ल्याची शंका आली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि विषाचं पाकीट बरोबर न्या. के१ जीवनसत्त्वानं जीव वाचतो.

रेबीजवर मी थांबून बोलतो. जगात या रोगानं दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं मरतात असा अंदाज आहे, आणि माणसांमधल्या ९९ टक्के संसर्गांच्या मुळाशी कुत्रा असतो. लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. कुत्रा साधारण तीन महिन्यांचा झाला की लस, वर्षानं पुन्हा, पुढे डॉक्टर सांगतील तशी. कुणालाही चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्यानं, साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग थेट दवाखाना. घरचाच कुत्रा आहे म्हणून थांबू नका.

जाता जाता एक प्रश्न येतोच: आमचा कुत्रा पाच वर्षांचा आहे, डझनभर कोंबड्या खाऊन बसलाय, आता? दोरावरचा सराव सुरू करा, फरक पडेल. पण कोंबड्यांमध्ये त्याला एकटं सोडण्याइतका भरवसा बहुधा येणार नाही, हे धरून चाला. खुराड्याची जाळी मजबूत करा, तळाशी ती जमिनीत वीतभर गाडा म्हणजे उकरून आत शिरता येणार नाही, आणि कुत्र्याला गोठ्याच्या बाजूचं काम द्या. तिथे रात्री खबर द्यायला आणि उंदरांवर नजर ठेवायला तो उत्तम ठरू शकतो. कोंबड्या बाहेर असतील तेव्हा तो वाड्यात. कोंबड्या आत गेल्या, दाराची कडी लागली, की मग तो अंगणात. घरातल्या प्रत्येकानं, मुलांनीसुद्धा, हा कडीचा नियम पाळायचा.